वहिनी, ते पुस्तक परत करून ये

पुणे,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

प्रिय वहिनी,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोन आला की तू आधी आईच्या खोलीचं दार लोटतेस, आवाज बारीक करतेस आणि दोन मिनिटांत "थांब हं, हाक मारतायत" म्हणून ठेवून देतेस. पत्र तुला तुकड्यातुकड्यानं वाचता येईल. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर एक पान, आईचं औषध देऊन झालं की पुढचं. शिवाय हे पत्र मी आणखीही काही जणींना वाचायला देणार आहे. आमच्या सोसायटीत, माझ्या भिशीत तुझ्यासारख्या कितीतरी आहेत. तुझं नाव कुठे येणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

गेल्या महिन्यात चिपळूणला आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते, आईचा डोळा लागला होता. तू ओटीवर पेपर पसरून माठ निवडत बसली होतीस. निवडता निवडता तुझे हात थांबले. पेपर तीन आठवड्यांपूर्वीचा आणि तुझ्या बाजूनं उलटा. मान वाकडी करून तू त्यातला एक लेख वाचत होतीस. मजकूर देठांखाली गेला तेव्हा तू हातानं देठं सारलीस, माती झटकलीस आणि पुढची ओळ शोधलीस. मी दारात उभी होते. चाहूल लागली तशी तू दचकलीस आणि म्हणालीस, "काही नाही गं, बघत होते नुसतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर, स्वतःच्या घरात, वाचताना सापडलीस म्हणून तू सारवासारव केलीस.

आई माझी, आणि तिची उठबस तू करतेस. डिसेंबर २०२१ मध्ये तिचं उजवं अंग गेलं, त्याला साडेतीन वर्षं झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचं, मऊ भात भरवायचा, रात्रीतून दोनदा उठायचं. मी दोन महिन्यांतून चार दिवस येते आणि शेजारपाजारचे म्हणतात, लेक किती करते. तुझ्या करण्याला मात्र कुणी करणं म्हणत नाही; ते गृहीतच धरलेलं आहे, आणि त्या धरणाऱ्यांत मीही होते. हे तुला समोरासमोर म्हणायचं धैर्य झालं नाही, म्हणून इथे लिहिते.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीनं मामीसाठी एक खोका पाठवला होता. चेहऱ्याला लावायचे लेप, सुवासिक तेल, मेणबत्त्या. तिच्या पिढीचा शब्द आहे 'सेल्फ-केअर'. तिनं मनापासून पाठवलं होतं आणि तू ते मनापासून कपाटात ठेवलंस, अजून सील तसंच आहे. लेप लावला की वीस मिनिटं हलायचं नसतं, असं त्यावर लिहिलंय. ती वीस मिनिटं तुला त्या घरात कोण देणार? तुझ्या जिवाला जपायचं तर आधी बसायला जागा हवी, आणि ती घराबाहेर हवी. अशी एक जागा मला माहीत आहे.

ती मला कशी सापडली, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. हे गेले ते २०१८ साल. दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळी चार ते सहा मात्र मी घरात थांबू शकत नसे. साडेपाचला यांची किल्ली दारात फिरायची. ती फिरणार नाही हे ठाऊक असूनही कान तिकडेच. मग मी बाहेर पडायची. मंडईत जाऊन नको ती भाजी आणायची. देवळात बसले तर ओळखीच्या बायका जवळ सरकून हात हातात घ्यायच्या, "आता कशी आहेस?" विचारायच्या. त्यांची माया खरी होती, पण उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

यांच्या वाचनालयाच्या कार्डावरची दोन पुस्तकं घरात राहिली होती. महिना-दीड महिन्यानं ती परत द्यायला गेले. देवघेवीच्या खिडकीशी बसलेल्या बाईंनी पुस्तकं जमा करून घेतली, कार्डावरचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "कार्ड बंद करायचं, की तुमच्या नावावर करू?" मी म्हटलं, माझ्या नावावर करा. मग पावसाची सर आली म्हणून आतल्या वाचनकक्षात जाऊन बसले. सर थांबल्यावरही बसून राहिले. दिवे लागल्यावर उठले तेव्हा लक्षात आलं, साडेपाच कधी वाजून गेले ते कळलंच नव्हतं.

वहिनी, पुढचे सहा आठवडे मी रोज गेले आणि एक पुस्तकही वाचू शकले नाही. एकच पान चार-चार वेळा वाचायची आणि काही पोचायचं नाही. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी बसायची. तिथे पाच-सहा निवृत्त गृहस्थ ठरलेल्या क्रमानं पेपर वाचत. एकाचा झाला की दुसऱ्याकडे सरकवायचा, बोलायचं नाही. हळूहळू माझ्याही पुढे पेपर सरकू लागला. त्या गृहस्थांना माझं नाव ठाऊक नव्हतं, माझ्या घरात काय झालंय ते ठाऊक नव्हतं, आणि तरी त्या क्रमात माझी जागा होती. आधार याला म्हणायचं की नाही, मला माहीत नाही. पण पेपर माझ्यापर्यंत यायचा आणि मी तो पुढे द्यायची, एवढं दिवसातून एकदा घडणं मला त्या महिन्यांत पुरलं.

पुढे पाककृतींची पुस्तकं चाळली, कारण त्यांत एका वेळी पानभरच वाचावं लागतं. मग जुने दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन'च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला ही सवय लागली आहे. आणि थकलेल्या माणसासाठी याहून सोयीचं वाचन मी पाहिलेलं नाही. कथा आवडली नाही तर पुढे लेख, लेख जड वाटला तर व्यंगचित्र, काहीच नको तर राशिभविष्य. बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर थोडी वेगळी वर्गणी भरून सगळे अंक आळीपाळीनं घरी नेता येतात. मी मात्र पाच-सात वर्षांपूर्वीचे अंक वाचत होते. त्यातलं भविष्य तर केव्हाच होऊन गेलेलं. तेही वाचून काढलं.

सातव्या आठवड्यात एक अख्खं पुस्तक वाचून झालं. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. १९१० साली आलेलं. शाळेत असताना त्यातला उतारा होता, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं होतं. या वेळी मला त्यात फक्त घर दिसलं. लग्न होऊन आलेली अकरा वर्षांची मुलगी, नवरा तिला अक्षर शिकवतोय, आणि घरातल्या बायका तिच्या वाचनाला बोल लावतायत. बायकांनीच. नवऱ्यासारखा नवरा पाठीशी असून तिला माजघरात ते सगळं सोसावं लागलं. मी तिथे बसून रडले, आणि ते रडणं पहिल्यांदाच यांच्यासाठी नव्हतं. तुझा उलटा पेपर तेव्हा मी पाहिला नव्हता. पाहिल्यावर आठवलं ते हेच पुस्तक.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. घरात पुस्तक हातात घेतलेली बाई रिकामी समजली जाते. तिला हाक मारायला कुणाला संकोच वाटत नाही. चहा टाक, फोन घे, जरा बघ तर. तीच बाई तेच पुस्तक घेऊन वाचनालयात बसली की कामात असते. तिच्याशी बोलायचं तर लोक आवाज खाली आणतात. आपल्यासारख्या बायकांना गावात बसायला जागा किती आहेत, मोज बरं. देऊळ, दवाखान्याचा बाक, गिरणीची पायरी, एसटी स्टँड, कुणाच्या घरचं हळदीकुंकू. प्रत्येक ठिकाणी कारण लागतं. हॉटेलात बसायचं तर काही मागवावं लागतं, आणि एकटी बसलीस तर लोक बघतात. वाचनालयात मात्र आत आलीस आणि बसलीस, की तिथे असण्याचं कारण कुणी विचारत नाही. काही विकत घ्यावं लागत नाही. कुणाचा पाहुणचार होत नाही, म्हणून तो फेडावाही लागत नाही.

या जागा आपल्यासाठी मुळात नव्हत्या, हेही खरं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं; लोकहितवादींच्या पुढाकारानं 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झालेलं. आपल्या चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ चं. त्या काळी तिथे कोण बसत असेल? वकील, मास्तर, कचेरीतले कारकून. त्यांच्या घरच्या बायका रमाबाईंसारख्या माजघरात बोलणी खात होत्या. त्या खुर्चीपर्यंत बाईला पोचायला काही पिढ्या गेल्या आहेत, वहिनी. तुझ्या वाट्याची खुर्ची तिथे आहे आणि ती रोज संध्याकाळी रिकामी राहते, याची मला हळहळ वाटते.

आता तू म्हणशील, "मी कुठली वाचणारी!" मला माहीत आहे तू किती वाचणारी आहेस. तू नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा माहेरच्या वाचनालयाच्या गोष्टी सांगायचीस. शनिवारी पुस्तक बदलायला दोन मैल चालत जायचीस, येताना वाटेतच पंधरा-वीस पानं व्हायची. नंतर चिपळूणला कधी बाबांच्या कार्डावर, कधी दादाच्या, आणि शेवटी लेकाच्या बालविभागाचं कार्ड मोठं झाल्यावर त्याच्या कार्डावर तू पुस्तकं आणवत राहिलीस. एकोणतीस वर्षांत तुझ्या स्वतःच्या नावाचं कार्ड त्या घरात कधी झालं नाही. मागायची तुला सवय नाही आणि आम्हाला सुचलं नाही.

आणि वाचणं झालं नाही तरी काही बिघडत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तू तेही कर्तव्यासारखं करशील. दोन तास मिळाले तर दोन तासांचं काहीतरी झालं पाहिजे म्हणून पानं मोजशील. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. कपाटं कशी लावावीत, पुस्तक पटकन हाती कसं यावं, यासाठी तो नियम योग्यच आहे. तुझ्यापुरतं मात्र मी उलटं मागते. वेळ तिथे वाया घालव. खिडकीतून बाहेर बघ. डुलकी लागली तर लागू दे.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून एक योजना आहे. मन खचलेल्या, काळजीनं पोखरलेल्या माणसाला डॉक्टर ठरावीक पुस्तकं सुचवतात आणि ती सार्वजनिक वाचनालयात मिळतात. चांगली योजना आहे, आपल्याकडेही व्हावी. तरी पुस्तक औषधासारखं दिलेलं मला व्यक्तिशः आवडत नाही. औषधांचं वेळापत्रक तुझ्या भिंतीवर आधीच एक लावलेलं आहे, आणखी एक नको. डॉक्टरांकडे मात्र तुला जायचं आहेच. गुडघ्यांसाठी, आणि त्या रात्री-अपरात्री होणाऱ्या धडधडीसाठी. वाचनालय हा त्याला पर्याय नाही. त्याबद्दल वेगळं बोलू, सुटका नाही तुझी.

दादाशी हे बोलले तेव्हा तो चटकन म्हणाला, "मग पुस्तकंच घरी आणून देतो की." त्याचा हेतू चांगला आहे आणि तशी परंपराही आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोद्यात वाचनालयांचं जाळं विणलं, तेव्हा गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारापर्यंत पोचवते आहे, पुढे तर परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही. ज्याला उंबरठा ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी हे मोठंच काम आहे. पण तुझ्या हातापायांना काही झालेलं नाही. पुस्तक घरी आलं तर ते फ्रिजवर बसेल, त्यावर वीजबिल येईल, वीजबिलावर आईच्या गोळ्यांचं पाकीट. मला पुस्तक तुझ्यापर्यंत यायला नको आहे. तू पुस्तकापर्यंत जायला हवी आहेस. चपला घालून, कुलपाची काळजी न करता.

आईला वाचून दाखव, असंही मी सुचवणार नाही. ते सुंदर असतं, मीही आले की वाचून दाखवते. पण तू केलंस तर ते आणखी एक काम होईल.

आणि ओशाळू नकोस. "आईंना टाकून मी कुठे जाऊ" हे तुझं वाक्य मला पाठ आहे. दोन तास तिच्याजवळ तिचा मुलगा बसणार आहे. टाकणं होत नाही ते. वाचनालयात जाणं म्हणजे कुणाचे उपकार घेणंही नव्हे. कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच सार्वजनिक वाचनालयांचा कायदा केला, पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्राचा झाला. अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. ते अपुरं असतं, ग्रंथपाल आणि कर्मचारी फार थोड्या पगारावर वर्षानुवर्षं हे सांभाळत आले आहेत, त्याबद्दल मला राग आहे. पण तो पैसा आपला सगळ्यांचा आहे. पेपर आणि मासिकं वाचायला तर सभासदही असावं लागत नाही. मुक्तद्वार म्हणतात त्या विभागाला.

आता जे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, ते.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढलं. तुम्ही आईला माडीवर नेलंत. पाणी ओसरल्यावर मी कशीबशी पोचले तेव्हा अंगणात चिखलानं माखलेल्या गाद्यांचा ढीग होता, आणि तू शेगडीच्या उबेला एक पुस्तक वाळवत होतीस. दोन-दोन पानांमध्ये कागदाचे कपटे घातले होतेस. मी म्हटलं, वहिनी, घर वाहून चाललंय आणि हे काय? तू म्हणालीस, "आपलं नाहीये गं, लायब्ररीचं आहे." त्याच पाण्यात आपलं वाचन मंदिरही बुडालं होतं. २०१३ चं साहित्य संमेलन ज्या संस्थेनं गावात भरवलं, तिची हजारो पुस्तकं चिखलात गेली. परत करायचं तर कुठे करणार? वाचन मंदिर पुन्हा उभं राहिलं, पण तोवर डिसेंबर आला आणि आई आडवी पडली. नंतर कधीतरी तू मला हळूच विचारलंस, "आता नेलं तर दंड किती होईल?" आणि मी ते हसण्यावारी नेलं. माफ कर.

ते पुस्तक अजून आहे. मागच्या खेपेला मी देवघराच्या वरच्या फळीवर पाहिलं. फुगून दुप्पट जाड झालंय, कडा तपकिरी झाल्यात, मुखपृष्ठ गेलंय. आतला शिक्का मात्र स्वच्छ वाचता येतो.

या पाकिटात एक हजार रुपये आहेत. वर्गणी, अनामत आणि दंड झालाच तर तोही. फॉर्म तिथेच मिळेल, सही तू करायची, नाव तुझं लिहायचं. दादाला सगळं सांगून झालंय. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, तो आईजवळ बसेल. कूस कशी बदलायची ते तू त्याला दाखव, दोन-चार दिवस समोर उभी राहून करून घे, आणि मग समोर उभी राहू नकोस. जूनच्या दहा तारखेला मी येतेच आहे, त्या आठवड्यात रोज जा.

पहिल्या दिवशी घरातून निघताना पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घे, पावसाचा नेम नाही. खिडकीशी गेल्यावर फार काही सांगायची गरज पडणार नाही. पुस्तक पुढे ठेव. ते उघडून शिक्का बघतील.

तुझी,
वन्सं